बॅटमॅनचा कॉम्बो का तुटतो?

प्रश्न : ‘बॅटमॅन : अर्कहॅम सिटी’ या व्हिडिओ गेममध्ये (2011) आठ-दहा गुंड घेरतात, तेव्हा कॉम्बो (न चुकता लागोपाठ बसलेल्या फटक्यांची मोजणी) पाचापुढे जातच नाही. त्यात लाईन गेली की खेळ मागे जातो.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, बटण दणादण दाबणं आधी सोडा. ठोसा हवेत गेला की कॉम्बो तुटलाच! एक फटका बसू द्या, मगच पुढचा. गुंडाच्या डोक्यावर निळ्या रेषा चमकल्या की लगेच काउंटर (त्याचा वार अडवून उलटा फटका). चिलखतवाल्यावर साधे ठोसे वाया जातात. त्याला केपनं (बॅटमॅनच्या पाठीवरच्या झग्यानं) भोवंडा, मग सलग हाणा. विजेचा दांडा घेतलेला गुंड दिसला तर समोरून भिडूच नका, त्याच्यावरून उडी मारून पाठीत हाणा. कॉम्बो 8 झाला की खास डाव मिळतो, तो चिलखतवाल्यासाठीच राखा.

आता लाईनचं : खेळ सेव्ह (साठवला) ठरावीक टप्प्यांवरच होतो. त्याचं चिन्ह दिसत असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते; यूपीएस लावाच.