टेस्ट न करता ‘पास’ लिहायला सांगतात, काय करू?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातली. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून आठ महिन्यांपूर्वी पुण्यात एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून लागले. आमची कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पिग्मी एजंटच्या (रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्याच्या) ॲपमध्ये मध्येच नेटवर्क गेलं तर कधीकधी एकच भरणा दोनदा नोंदला जातो, हे मला टेस्टिंगमध्ये दिसलं. पण नव्या आवृत्तीच्या रिलीजची घाई होती. टीमचे लीड म्हणाले, नेटवर्कच्या टेस्ट राहू देत, ‘पास’ लिहून टाक. मी लिहिलं. आता पुढच्या महिन्यात पुन्हा रिलीज आहे. शिवाय आम्ही टेस्टिंगला सभासदांचा खराखुरा डेटा वापरतो, आधार नंबरसकट. तो माझ्या लॅपटॉपवर आहे. टीममधले म्हणतात, सगळीकडे असंच चालतं. बाबा म्हणतात, दोन वर्षांचा बॉण्ड आहे, तोंड मिटून काम कर. मी फ्रेशर आहे. ही माझी जबाबदारी आहे का?

उत्तर : हो, आहे. सगळी तुझी नाही, पण त्या रिपोर्टवर तुझं नाव आहे तेवढी नक्की तुझी आहे.

तुला दिसलेला बग तुझ्या लीडना किरकोळ वाटला असेल. तो नेमका कुणाला भोवणार, ते बघ. एजंट दुकानात जातो, शंभर रुपये घेतो, ॲपमध्ये नोंद करतो. नोंद सर्व्हरला पोचते, पण पोच परत येण्याआधी नेटवर्क जातं. ॲपला वाटतं नोंद गेलीच नाही, म्हणून ते तीच पुन्हा पाठवतं. प्रत्येक भरण्याला वेगळा व्यवहार क्रमांक देऊन सर्व्हरने दुसरी नोंद नाकारायला हवी. ते झालं नाही, तर संध्याकाळी शाखेत हिशेब लागताना एजंटच्या नावावर दोनशे दिसतात आणि हातात असतात शंभर. कॅशियर कुणावर विश्वास ठेवेल? कॉम्प्युटरवर. एजंट कमिशनवर काम करणारा माणूस. पहिल्या दिवशी तो खिशातून भरेल. चार महिन्यांनी त्याच्यावर अफरातफरीचा ठपका येईल, आणि गावात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

हे मी कल्पनेने रंगवून सांगत नाही. ब्रिटनमध्ये अगदी असंच घडलं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली. ती फुजित्सू कंपनीने चालवली. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली, आणि करारानुसार ती त्यांनीच भरायची होती. त्यांनी घरं गहाण टाकली, नातेवाइकांकडून पैसे आणले. ज्यांना भरता आले नाहीत त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतल्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१०मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. २०१९च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचं स्पष्ट सांगितलं. २०२१च्या एप्रिलमध्ये मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि उरलेल्यांसाठी २०२४मध्ये संसदेला कायदा करावा लागला. चौकशी आयोगाच्या २०२५च्या अहवालानुसार, या प्रकरणामुळे किमान तेरा जणांनी आत्महत्या केली असावी.

त्यातला एक बग तर तुझ्या बगचा सख्खा भाऊ आहे. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावात २०१५मध्ये रोकड स्वीकारताना स्क्रीन अडकला. माणूस एंटर दाबत राहिला आणि प्रत्येक वेळी तीच रक्कम पुन्हा नोंदली गेली. २४,००० पौंडांची तूट दिसली, प्रत्यक्षात नसलेली.

एवढी वर्षं हे का चाललं? कारण यंत्राचा आकडा पुरावा मानला गेला. इंग्लंडमध्ये संगणक नीट चालतो आहे हे न्यायालयात सिद्ध करण्याची अट १९९९मध्ये कायद्यातून काढून टाकली होती. आपल्याकडे मात्र संगणकावरची नोंद न्यायालयात देताना, तो संगणक नीट चालत होता असं प्रमाणपत्र जोडावं लागतं. असं प्रमाणपत्र देणारा माणूस शेवटी टेस्टिंगवरच विसंबतो. म्हणजे तू एक्सेल शीटमध्ये लिहिलेलं ‘पास’ ही एका अर्थाने साक्ष असते, आणि पुढे ती कुणाच्या विरुद्ध वापरली जाईल हे तुझ्या हातात नसतं.

होरायझनच्या गोष्टीत तुझ्यासारखाही एक माणूस आहे. रिचर्ड रोल २००१ ते २००४ फुजित्सूच्या सपोर्ट विभागात तंत्रज्ञ होते. आमचे लोक इथे बसून शाखांच्या खात्यांत बदल करू शकत होते आणि पोस्टमास्तरांना ते कळतही नव्हतं, असं त्यांनी २०१५मध्ये बीबीसीवर सांगितलं आणि २०१९च्या खटल्यात साक्षही दिली. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं हे नाकारत होतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हे, की ही गोष्ट माहीत असलेले रोल एकटेच नव्हते.

‘सगळीकडे असंच चालतं’ आणि ‘वरून सांगितलं’ या दोन्ही वाक्यांचा फारसा उपयोग होत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी ठेवायचं. त्या प्रकरणात २०१७मध्ये अमेरिकेत पहिली शिक्षा झाली ती कुणा संचालकाला नाही, जेम्स लियांग नावाच्या इंजिनियरला. चाळीस महिन्यांची.

आता कामाचं बोलू. तुझ्या शीटमध्ये ‘पास’ आणि ‘फेल’शिवाय ‘नॉट रन’ (केलीच नाही) आणि ‘ब्लॉक्ड’ (अडचणीमुळे करता आली नाही) हे पर्यायही असतात, नसले तर कॉमेंटचा रकाना असतो. जी टेस्ट केली नाही तिथे ‘नॉट रन, वेळेअभावी’ असं लिही. रिलीज थांबवणं तुझ्या अधिकारात नाही आणि तो तुझा हट्टही असू नये. काय तपासलं आणि काय राहिलं हे खरं लिहिणं मात्र पूर्ण तुझ्या अधिकारात आहे. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणक क्षेत्रातल्या व्यावसायिकांच्या संघटनांनी १९९९मध्ये सॉफ्टवेअर इंजिनियरांसाठी आचारसंहिता केली. तिच्या पहिल्याच तत्त्वात हे आहे : सॉफ्टवेअर सुरक्षित आहे आणि योग्य चाचण्यांना उतरलं आहे अशी साधार खात्री असेल तरच त्याला मंजुरी द्या. एकदा वाचून ठेव, छोटी आहे.

मागच्या रिलीजमध्ये लिहिलेलं ‘पास’ही दुरुस्त करायला हवं. तो बग आज एजंटांच्या हातातल्या ॲपमध्ये आहे, म्हणून हे काम पुढच्या रिलीजच्याही आधीचं. बग पायऱ्यांसकट नोंदव : कोणता फोन, नेटवर्क कधी बंद केलं, किती नोंदी दिसल्या, स्क्रीनशॉट. मग लीडना समोरासमोर भेट. सूर तक्रारीचा नको. ‘सर, एजंटच्या खात्यात जादा रक्कम चढली तर संस्था आपल्यालाच विचारेल. मागच्या वेळी या टेस्ट मी केल्या नव्हत्या, रिपोर्टमध्ये तशी दुरुस्ती करते. पुढच्या रिलीजआधी यासाठी दोन दिवस द्याल का?’ एवढं पुरे. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, ‘आपलं ठरल्याप्रमाणे...’ असा. पुष्कळ लीड इथेच ऐकतात, कारण त्यांच्यावरही वरून तारखेचा दबाव असतो आणि लेखी कारण मिळालं की त्यांनाही ते पुढे दाखवता येतं. नाहीच ऐकलं, तर त्यांच्या वरच्यांकडे हाच मेल. आणि तुझ्या लॉगिनमधून दुसऱ्या कुणाला ‘पास’ लिहू देऊ नकोस.

डेटाचं प्रकरण मला बगइतकंच गंभीर वाटतं. सभासदाने आधार नंबर कर्जासाठी किंवा खात्यासाठी दिला, तुझ्या लॅपटॉपवर ठेवायला नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटा जपण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मास्क केलेला डेटा माग. नावं आणि नंबर बदललेली प्रत बनवायला डेव्हलपरला फार वेळ लागत नाही, तूही शिकू शकतेस. तो मिळाला की तुझ्याकडची खरी प्रत लीडना सांगून काढून टाक. पुरावा म्हणून हा डेटा किंवा कोड स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह होईल. तसं अजिबात करू नकोस, त्यात तूच कायद्याच्या कचाट्यात सापडशील. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा लिंक्डइनवर कंपनीविषयी लिहिणंही नको.

बाबांची काळजी मी हलकी मानत नाही. खासगी कंपनीत असं बोलणाऱ्याला आपल्याकडे कायद्याचं संरक्षण फार थोडं आहे, आणि छोट्या कंपनीत तक्रार ऐकायला स्वतंत्र यंत्रणाही बहुधा नसते. पण ‘तोंड मिटून’ याच्याशी मी सहमत नाही. त्यांना पिग्मी एजंटचं उदाहरण सांग. गावात त्यांच्या ओळखीचा एखादा एजंट असेलच.

बॉण्डचं म्हणशील तर तो नुसता कागद आहे असं समजू नकोस. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याकडून रक्कम घेण्याची अट वैध ठरवली. पण बॉण्डमुळे फार तर भरपाईचा प्रश्न येतो. त्याने कुणाला खोटं लिहायला भाग पाडता येत नाही. तुझ्या कागदावर रक्कम किती आहे, काम केलेल्या महिन्यागणिक ती कमी होते का, आणि मूळ गुणपत्रिका कंपनीने ठेवून घेतल्या आहेत का, हे बघून एखाद्या वकिलाला दाखव. तोवर राजीनामा देऊ नकोस. संध्याकाळी ऑटोमेशन आणि एपीआय टेस्टिंग शिक, बाहेर अर्ज करत राहा. मुलाखतीत ‘नोकरी का सोडता आहात?’ असं विचारलंच, तर कंपनीचं किंवा ग्राहकाचं नाव न घेता हा बग कसा सापडला आणि कसा नोंदवला ते सांग. बँकिंग सॉफ्टवेअरमधले चांगले टेस्ट मॅनेजर नेमकी अशीच माणसं शोधत असतात.