वार्ता : बातमी की गोष्ट?

बडोद्यातल्या दांडिया बझारच्या एका आजींचा प्रश्न आहे. नातू गुजराती शाळेत पहिलीला. रात्री अंथरुणात शिरला की म्हणतो, "आजी, वार्ता सांग ना!" वार्ता म्हणजे तर बातमी, पोराचं मराठी बिघडतंय का?

आजी, मुळीच नाही. गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्टच. मुलांसाठीची ती बाळवार्ता, कथा लिहिणारा तो वार्ताकार. हिंदीत हाच वार्ताकार वाटाघाटी करतो, आपला वार्ताहर बातम्या देतो, आणि पार इंडोनेशियात पत्रकाराला 'वार्तावान' म्हणतात.

मुळात हा शब्द 'वृत्ती'वरून, म्हणजे पोटापाण्याच्या उद्योगावरून आला. कौटिल्याने शेती, पशुपालन आणि व्यापार या तिघांना मिळून वार्ता म्हटलं आहे. कसं चाललंय, या विचारपुशीतून पुढे हालहवाल आणि बातमी हा अर्थ आला असावा. महाभारतात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, "का वार्ता?" काय खबर? उत्तर येतं : मोहाची कढई, सूर्याचा विस्तव, दिवसरात्रीचं सरपण, महिने-ऋतूंच्या पळीने ढवळत काळ प्राणिमात्रांना शिजवतोय, हीच वार्ता. विचारली बातमी, मिळालं गोष्टीतलं चित्र! मला हा श्लोक फार आवडतो.

गुजरातीतली 'वात' आणि हिंदीतली 'बात' ही वार्तेचीच झिजलेली रूपं. शिवाय पुष्टिमार्गात, म्हणजे वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्तीच्या पंथात, त्यांच्या 84 शिष्यांच्या ज्या चरित्रकथा आहेत, त्यांना वार्ताच म्हणतात. हवेलीत, म्हणजे या पंथाच्या मंदिरात, त्या ऐकणाऱ्या गुजरातला गोष्ट हा अर्थ जवळचा वाटला तर नवल नाही.

आणि आपली 'गोष्ट' तरी कुठून आली? 'गोष्ठी'तून; तिच्या मुळाशी गुरांचा गोठा. तिथून चारचौघांचं जमणं, मग बोलणं, मग कथा.

मराठी वार्तेचा आणखी एक अर्थ तुमच्या नातवाच्या तोंडी रोज असणार. आरतीत "वार्ता विघ्नाची नुरवी" येतं, तिथे ना बातमी, ना गोष्ट. विघ्नाचा मागमूसही उरू देत नाही, असं ते आहे. 'गंधवार्ता नाही' म्हणतो तसं. त्याला तेवढं आवर्जून समजावून सांगा, नाहीतर तो गणपतीपुढे विघ्नाची गोष्ट शोधत बसेल.