पहिला प्रकाशवक्र? मग हायजिया घे

प्रकाशवक्राच्या, म्हणजे लघुग्रहाच्या तेजातल्या चढउतारांच्या आलेखाच्या, पहिल्याच प्रयत्नासाठी मथिल्डा (एक लघुग्रह) निवडलीस, हौस मनापासून आवडली. पण तिची स्वतःभोवतीची एक फेरी सुमारे १७.४ दिवसांची, म्हणजे पूर्ण आलेखाला कित्येक रात्री लागतील. आत्ता तिच्या नादी लागू नकोस. लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या भागातली हायजिया घे. तीही कोळशासारखी काळी, पण ४३० किलोमीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे चांगल्या प्रतियुतीला (आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला आली की) नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत उजळते (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त). लहान दुर्बिणीलाही झेपते.

सध्या एवढंच सांभाळ:

• पहिल्या रात्री फक्त ओळख पटव. दोन-तीन तासांच्या अंतराने त्याच भागाचे दोन फोटो काढ. सरकलेला ठिपका म्हणजे हायजिया.

• एका रात्रीत तुलनेचे तारे (ज्यांच्याशी तिचं तेज ताडून बघायचं ते) बदलू नकोस. हायजिया एखाद्या अंधुक ताऱ्यावरून गेली की आलेख उगाच फुगतो. ते फोटो सरळ काढून टाक.

• आवर्तनकाळ (स्वतःभोवतीच्या एका फेरीचा वेळ) ठरवायची घाई नको. नवखे इथेच हमखास चुकतात, आणि खरं तर जाणकारही चुकलेत. हायजियाचा काळ कित्येक वर्षं २७.६ तास धरला जायचा. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून तो बरोबर निम्मा, १३.८ तास निघाला! ती जवळजवळ गोल आहे, चढउतार बारीक, आणि एका रात्रीत जेमतेम अर्धी फेरी हाती लागते. म्हणून लागोपाठ चार-पाच रात्री तरी दे.

फिल्टर, सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू. पहिले दोन फोटो काढलेस की दाखव, ठिपका मिळून शोधू.