वाचकांचे प्रश्न : इंटरनेटवर नियंत्रण कुणाचे आणि किती?

प्रश्न : आमच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशी अफवा मुळात कुणी पसरवली हे शोधण्याचा अधिकार सरकारला देण्यास गोपनीयतेच्या नावाखाली विरोध का होतो? माणसाच्या जिवापेक्षा गोपनीयता मोठी आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, साक्री

उत्तर : जिवापेक्षा गोपनीयता मोठी नाही. १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी मारले गेलेले ते पाचही जण पोटासाठी दूरवरून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. हे घडल्यानंतरही इंटरनेटवर कोणतेच नियंत्रण नको असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. प्रश्न एवढाच आहे की, आपण सुचवता तो उपाय अशा माणसांना खरोखर वाचवील का, आणि त्याची किंमत कोण मोजेल?

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, एखाद्या संदेशाचा पहिला प्रेषक कोण हे सांगितले पाहिजे. हा आदेश गंभीर गुन्ह्यांपुरताच द्यावा, आणि कमी हस्तक्षेपाचा दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर देऊ नये, अशा मर्यादाही त्याच नियमात आहेत. कागदावर हे रास्त दिसते. अडचण तंत्रात आहे. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवेत संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कूटबद्ध होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतो, त्यामुळे मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. उद्या कोणता संदेश गुन्ह्याचा भाग ठरेल हे आज कुणालाच ठाऊक नसते, म्हणून एका संदेशाचे मूळ सांगता यावे यासाठी प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर आधीच ओळखीची खूण ठेवावी लागेल. डॉक्टरांना पाठवलेला तपासणीचा अहवाल असो, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बहिणीला लिहिलेले चार शब्द असोत, की कार्यालयातला गैरव्यवहार पत्रकाराला कळवणाऱ्या कारकुनाचा निरोप असो, सगळ्यांवर ती खूण राहील. याच मुद्द्यावर व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या नियमाला आव्हान दिले.

शिवाय पहिला प्रेषक म्हणजे गुन्हेगार, हे गृहीतकच कच्चे आहे. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अफवांमधील एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारे शेवटी ते परत आणून सोडतात आणि जनजागृतीचा फलक दाखवतात, तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता. येथे पहिला प्रेषक शोधून काय हाती लागले असते? मूळ प्रेषक परदेशात असेल तर भारतात तो संदेश प्रथम पाठवणाऱ्यालाच पहिला प्रेषक मानावे, असे नियम सांगतो. म्हणजे घाबरून शेजाऱ्यांना सावध करणारी एखादी आईसुद्धा त्या जागी येऊन उभी राहू शकते.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर दिला, आणि या अधिकारावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचेच साधन असले पाहिजे, असे सांगितले. हेतूबद्दल माझी शंका नाही, परंतु शेवटच्या कसोटीवर हा नियम उतरत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवता येऊ नये, हे बंधन व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्येच भारतात आणले आणि त्यासाठी कुणाचाही संदेश उघडावा लागला नाही. ज्यांना संदेश मिळाला त्यांच्या फोनमध्ये तो असतोच. तेथून मागे मागे जात तपास करणे पोलिसांना कष्टाचे आहे, पण त्यात संशयितांचीच झडती होते, साऱ्या देशाची होत नाही.

प्रश्न : कलम ६६-अ रद्द झाल्यामुळे आता समाजमाध्यमांवर आपले मत निर्धास्तपणे लिहिता येते, असे मैत्रिणी म्हणतात. हे खरे आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पालघर

उत्तर : अर्धे खरे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे हे कलम इंटरनेटवरील आक्षेपार्ह लिखाण गुन्हा ठरवीत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून तुमच्याच पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांपैकी एकीने ते लिखाण केवळ ‘लाईक’ केले होते. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. चर्चा करणे किंवा एखाद्या मताचा पुरस्कार करणे, ते मत कितीही अप्रिय असले तरी, गुन्हा नाही. चिथावणीपर्यंत गेल्यावरच बंधन घालता येते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र बदनामी, दोन समाजांत वैर पेटवणे, खोट्या माहितीने लोकांना भडकावणे यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलमे आहेतच. आणि रद्द झालेले कलमही पोलीस ठाण्यांतून लगेच गेले नाही: त्याखाली कुणावरही खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

एक अलीकडचा निर्णयही लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी काय खोटे आहे हे केंद्राच्याच कक्षाने ठरवावे, अशी दुरुस्ती माहिती तंत्रज्ञान नियमांत २०२३ मध्ये झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाला आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले. ज्याच्यावर टीका होते त्यानेच टीकेचा खरेखोटेपणा ठरवू नये, ही गोष्ट मला सरकार कोणत्याही पक्षाचे असले तरी महत्त्वाची वाटते.

प्रश्न : आमच्या भागातील पाणीप्रश्नावर मी केलेली चित्रफीत ‘कायदेशीर मागणीमुळे’ भारतात दिसत नाही, एवढेच कंपनीने कळवले. कुणाची मागणी, कोणते कारण, काहीच सांगत नाहीत. दाद कुठे मागायची?
— एक वाचक, जालना

उत्तर : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्राला मजकूर रोखता येतो. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम ठेवले ते आदेश लेखी आणि सकारण असतो, समितीपुढे सुनावणी होते आणि आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते, या आधारावर. पण या कलमासाठी केलेल्या नियमांतील नियम १६ सगळी कार्यवाही गुप्त ठेवण्यास सांगतो. जो आदेश हाती पडत नाही त्याला आव्हान कसे द्यायचे, या आपल्या अडचणीचे मूळ तेथे आहे. मजकूर रोखण्याचा सरकारचा दुसरा मार्ग त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) खालील, बेकायदा मजकूर हटवा असे कंपनीला कळवणाऱ्या नोटिशीचा, ज्यासाठी ‘सहयोग’ पोर्टल उभारले आहे. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशी नोटीस सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक यांच्या दर्जाखालील अधिकाऱ्याला सहसा देता येत नाही, आणि तीत कारणे लिहावी लागतात.

आपण प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा की आदेश कोणत्या कलमाखाली व कोणत्या कार्यालयाकडून आला. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. सरकारी आदेशच असल्याचे निघाले तर मात्र उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो. कंपनीचा संदेश, तारीख आणि मूळ चित्रफीत जपून ठेवा.

प्रश्न : नव्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे माहितीचा अधिकार संपला, असे कार्यकर्ते म्हणतात. गोपनीयता जपणाऱ्या कायद्याने असे कसे होईल?
— एक ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : संपला नाही, पण आकसला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी एक तोल होता: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगी आयुष्यात विनाकारण डोकावणारी माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. २०२३ च्या कायद्याने ही सारी वाक्ये काढून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच ठेवले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. लाभार्थ्यांची यादी, ठेकेदाराचे नाव, अधिकाऱ्याचे जात प्रमाणपत्र, यांपैकी काहीही आता या एका शब्दाखाली अडवता येईल, ही भीती मला रास्त वाटते. व्यक्तीची गोपनीयता सत्तेपासून जपायची असते. येथे तिचा आडोसा सत्तेलाच मिळाला आहे.

तरीही कलम ८(२) शाबूत आहे. संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, असे ते सांगते. त्यामुळे आपल्या अर्जातच या कलमाचा उल्लेख करा आणि ही माहिती कोणत्या सार्वजनिक खर्चाशी किंवा कामाशी जोडलेली आहे ते दोन ओळींत लिहा. नकार आल्यास पहिल्या अपिलात हाच मुद्दा पुढे ठेवा: जनहिताचा विचार केला की नाही आणि केला असल्यास कोणत्या कारणाने तो बाजूला सारला, याचे उत्तर अपिलीय अधिकाऱ्याकडे लेखी मागा.