प्रकाशकाने न छापलेल्या, लेखकानेच काढलेल्या फँटसी कादंबऱ्या वाचाव्यात का? अलीकडे वाचलेल्यांपैकी कुठल्या आवडल्या?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "कुणी छापायला तयार झालं नाही म्हणूनच स्वतः छापलं असणार, मग ते आपण का वाचायचं?" हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, गेल्या भाऊबीजेला आमच्या थोरल्या काकांनी मला ऐकवलं. मी फोनवर वाचत बसले होते, त्यांनी विचारलं काय वाचतेस, मी सांगितलं, आणि हे आलं. घरात सगळे जेवायला बसले होते म्हणून गप्प राहिले. इथे गप्प राहायचं कारण नाही.

आधी तुम्ही विचारलेलं सांगते. वर्षभरात अशा चार वाचल्या, चारही इंग्रजी.

सगळ्यात आवडली एम. एल. वँग यांची 'द सोर्ड ऑफ कायगेन' (2019). डोंगरातल्या एका गावात पाणी आणि बर्फ वळवणाऱ्या योद्ध्यांची घराणी आहेत. त्यातल्या एका घराण्याची सून मिसाकी, चार मुलांची आई. लग्नाआधी ती परक्या शहरात रात्रीबेरात्री तलवार घेऊन गुंडांशी लढलेली, आता सासरी मान खाली घालून भात वाढते. नवरा तिच्याशी धड बोलतही नाही. मोठी लढाई होते ती पुस्तकाच्या मध्यावर. तिथे बहुतेक लेखक थांबले असते. इथे त्यानंतर कितीतरी पानं प्रेतं उचलणं, घरं बांधणं, मेलेल्या माणसाशिवाय जेवायला बसणं आणि नवरा-बायकोने पंधरा वर्षांचं न बोललेलं बोलणं, हेच चालतं. ही पानं मी पहाटे तीनपर्यंत वाचली. पुस्तकाचा मधला भाग वाचून झाल्यावर दोन दिवस दुसरं काही हातात धरवलं नाही. माझी पक्की समजूत आहे की एखाद्या संपादकाने लढाई शेवटी ढकलायला लावली असती आणि पुस्तकाचा जीव गेला असता. दोष आहेत. सुरुवातीला नवे शब्द, नवी मोजमापं, नवे देश यांचा भडिमार आहे. शेवटी काही माणसं येतात आणि पुढच्या गोष्टीची चाहूल देऊन अधांतरी राहतात.

जे. झॅकरी पाइक यांची 'ऑर्कॉनॉमिक्स' दुसरी. वीर राक्षसाला मारायला निघण्याआधीच त्याच्या गुहेतल्या धनाचे हिस्से बाजारात विकलेले असतात. म्हणजे राक्षस मरायलाच हवा, त्याने काही केलेलं असो वा नसो. व्यापारी गावात वाढलेल्या माणसाला हे पुस्तक चांगलंच कळेल.

ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांची 'लेजेंड्स अँड लाटेज' सगळीकडे गाजली. लेखकाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्वतः काढली आणि त्याच वर्षी मोठ्या प्रकाशनाने उचलली. एक राक्षसीण लढाया सोडून, कॉफी कुणाला माहीतच नाही अशा शहरात कॉफीचं दुकान टाकते. दुकान उभं राहण्याची प्रकरणं सुंदर आहेत, त्यातला सुतार तर मला आमच्या गल्लीतला वाटला. पुढे मात्र अडचणी इतक्या गोडीगुलाबीने सुटतात की माझं लक्ष उडालं. ज्याने दुकान चालवलंय त्याला विचारा, असं होत नाही. विल वाइट यांची 'क्रेडल' मालिका बारा पुस्तकांची आहे, मी तिसऱ्यावर सोडली. तांबं, लोखंड अशा पायऱ्या चढत नायक बलवान होत जातो. माझा पुतण्या मात्र ती बाराही खाऊन बसलाय.

आता "कुणी छापलं नाही" यावर.

माझे अप्पा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडायचे. ग्राफ पेपरवर मोर नाहीतर वेल रंगवायची, मग एका आडव्या ओळीचं एक कार्ड, जिथे धागा उचलला जायला हवा तिथे भोक. अशी शेकडो कार्डं दोरीने ओवून मागावर चढवतात. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच डाग. आज तेच काम मी कॉम्प्युटरवर करते, पण भोक मोजताना जीभ दातांखाली धरायची सवय त्यांचीच आहे.

अप्पांनी दोन वर्षं रात्री जागून एक कादंबरी लिहिली. नाव सांगत नाही. एका तळ्याकाठच्या राज्यात विणकर माणसांच्या सावल्या काढून त्यांच्या चादरी विणतात. ज्याची सावली विणली त्याची झोप जाते, आणि जो ती चादर पांघरतो त्याला ती झोप मिळते. राजा वज्रसेनाला आपल्या आईची सावली विणून हवी असते आणि एक विणकर नाही म्हणतो. एवढीच गोष्ट. आजही मला याहून चांगली कल्पना सुचलेली कुणी भेटलेलं नाही, आणि हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही.

बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडे गेलं. सात महिन्यांनी परत आलं, सोबत दोन ओळींची चिठ्ठी: लेखन बरं आहे, पण असल्या विषयाला मराठीत वाचक नाही. या एका वाक्याचा मला अजून राग आहे. 1857 चं 'यमुनापर्यटन', ते विधवांच्या हालांवरचं, बाजूला ठेवलं तर मराठी कादंबरी रांगायला लागली तीच अद्भुताच्या बोटाला धरून. 1861 ची हळब्यांची 'मुक्तामाला' घ्या, 1868 ची रिसबुडांची 'मंजुघोषा' घ्या. नाथमाधवांची 'वीरधवल' अप्पांनी वाचनालयातून इतक्यांदा आणली होती की तिथला माणूस ती वेगळी काढून ठेवायचा. वाचक नाही म्हणे!

मग अप्पांनी पतसंस्थेतून सहा हजार रुपये उचलले आणि 1986 च्या पावसाळ्यात साखर पेठेजवळच्या एका छापखान्यात काम दिलं. खिळ्यांची छपाई. छापखाना छोटा, खिळे मोजकेच, त्यामुळे सोळा पानांचा एक फॉर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून पुन्हा घरांत टाकायचे, की पुढचा. कंपोझिटर घरी तेलुगू बोलणारा. एकेक अक्षर उलटं उचलून ओळ लावणाऱ्या माणसाला मजकुराशी काय घेणं, असं अप्पांना वाटायचं. चौथ्या फॉर्म्यानंतर तो कारखान्याच्या फाटकावर येऊन उभा राहिला. "पुढचे कागद द्या की." अप्पा म्हणाले, रविवारी देतो. तर म्हणाला, "रविवारपर्यंत काय करू? तो विणकर नाही म्हणाला, तिथंच संपलंय तुमचं."

अप्पांचा पहिला वाचक हा. चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रकाशकाने याला विचारायला हवं होतं, वाचक आहे की नाही.

दहावा फॉर्मा जुळवताना तोच म्हणाला, "साहेब, वज्रसेन मध्येच कुठं गेला होता?" बघतात तर नवव्या फॉर्म्यात, पान 129 ते 144, राजाचं नाव वीरसेन. दुसऱ्या वहीत अप्पांची चूक झाली होती. छापून झालेलं, खिळे सुटलेले. पुन्हा जुळवायला पैसे नव्हते. हातभर कार्डांत एक भोक चुकलं तर हातातली कामं टाकून शोधणारा माणूस. ते त्या रात्री जेवले नाहीत. पाचशे प्रतींत त्यांनी आणि मी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवल्या. मी नऊ वर्षांची होते.

जानेवारी 1987 च्या गड्ड्याच्या जत्रेला अप्पांनी होम मैदानावर कडेला एक चादर अंथरून पुस्तकं मांडली. किंमत वीस रुपये. पाळण्यांचे भोंगे, मौत का कुआँच्या मोटारसायकली, वर धूळ. मी फडक्याने मुखपृष्ठं पुसत बसायचे. पंधरा दिवसांत चौदा प्रती गेल्या. त्यातल्या एका संध्याकाळी काका शाळेतल्या तीन-चार शिक्षकांबरोबर आले. मराठीचे शिक्षक आमचे काका. मी हात केला. त्यांनी पुस्तकांकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि सोबतच्यांना भज्यांचा गाडा दाखवत पुढे गेले. ओळख दिली नाही. अप्पा मला म्हणाले, "गर्दीत दिसलं नसेल." दिसलं होतं.

त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात काकांचं ठरलेलं वाक्य: छापायला कुणी मिळालं नाही, म्हणून हौस भागवली. अप्पांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. उरलेल्या प्रती पत्र्याच्या खोलीत होत्या, एका पावसाळ्यात भिजल्या, आईने रद्दीवाल्याला दिल्या. अप्पा 2009 मध्ये गेले. माझ्याकडे तीन प्रती उरल्या.

काकांच्या कपाटात अमीश त्रिपाठींच्या 'मेलुहा'चा मराठी अनुवाद आहे, ते कौतुकाने सगळ्यांना वाचायला देतात. ते पुस्तक बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं होतं, 2010 मध्ये लेखकाने स्वतःच्या हिमतीवर बाजारात आणलं, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं? खपलं, एवढंच. म्हणजे प्रकाशकाची पसंती ही कसोटी नाहीच, खप ही कसोटी आहे, मग तसं सरळ म्हणा.

तर तुम्हाला माझं म्हणणं असं की नाकारलेलं म्हणजे वाईट, हे डोक्यातून काढा. प्रकाशक पुस्तक नाकारतो तेव्हा तो पुष्कळदा फक्त स्वतःचा हिशेब सांगत असतो. तीस पानं स्वतः वाचा. तीसही न वाचता मत देणाऱ्याने निदान चारचौघांत देऊ नये.

हेही सांगायला हवं की मी वाचलेल्या काही चाळणीतून आलेल्या होत्या. मार्क लॉरेन्स या फँटसी लेखकाने 2015 पासून स्वतः काढलेल्या पुस्तकांची एक स्पर्धा चालवली. तीनशे पुस्तकं, पुस्तकांवर लिहिणारे दहा परीक्षक, प्रत्येकाने आपल्या वाट्यातून एक निवडायचं आणि मग दहाही पुस्तकं सगळ्यांनी वाचून गुण द्यायचे. 2018 च्या स्पर्धेत 'ऑर्कॉनॉमिक्स' जिंकली, 2019 च्या स्पर्धेत 'कायगेन'. अंतिम दहाची यादी धरून वाचलंत तर वेळ वाया जाणार नाही. डोळे मिटून कुठलंही उचललंत तर जाईल, बरंच कच्चं असतं. व्याकरण ढिसाळ, मधली शंभर पानं उगाच. संपादकाचा हात नसला की ते जाणवतं. अप्पांच्या पुस्तकातही जाणवतं: शेवटची चाळीस पानं घाईत उरकलीत, आणि आईची सावली ज्या आईची, तिच्या तोंडी एक वाक्य नाही. हे मी त्यांना ते असताना बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, असं वाटतं. आजच्या लेखकाला एक सोय आहे, ई-पुस्तकातला वीरसेन एका रात्रीत वज्रसेन करता येतो.

इंग्रजी जड जात असेल तर 'लेजेंड्स अँड लाटेज'पासून सुरू करा, भाषा सोपी आहे. 'कायगेन' सुट्टीत घ्या, आणि मध्यावर पोचाल तेव्हा घरात कुणी बोलायला येणार नाही अशी वेळ बघा.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी काकांकडे गेले आणि तीनपैकी एक प्रत त्यांना दिली. वय 84, पण चष्मा लावून पेपर अजून पूर्ण वाचतात. देण्याआधी आतलं शुद्धिपत्र ओल्या फडक्याने हळूच सोडवून घेतलं, ते माझ्याकडे आहे. खरंच वाचलं तर 129 व्या पानानंतर त्यांना मला फोन करून विचारावंच लागेल, वज्रसेन कुठं गेला म्हणून.