जावा, हॅस्केल आणि कपाटातला लॅपटॉप

प्रश्न : माझा मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. जावा अर्धवट सोडून तो हॅस्केल नावाच्या भाषेच्या नादी लागला आहे. पुण्यात आयटीत असलेला माझा भाचा म्हणतो, नोकरी जावावरच मिळते. म्हणून लॅपटॉप मी कपाटात ठेवतो आणि रोज दोनच तास देतो. सुट्टीत पुण्यात जावाचा कोणता क्लास लावावा?
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपले पत्र वाचताना मी अडलो तो कपाटापाशी. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लॅपटॉप मोजूनमापून मिळावा, याची मला त्याच्या भाषेच्या निवडीपेक्षा अधिक काळजी वाटते. त्याच्या गुणांबद्दल आपण चकार शब्द काढलेला नाही, त्यामुळे ते बरे असावेत असे मी धरून चालतो. मग तक्रार उरते ती एवढीच, की त्याने कोणी न सांगता काही शिकायला घेतले. अभियंत्याच्या बापाने खरे तर याचीच वाट पाहायला हवी.

भाच्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. मात्र जावाची ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत (माहिती आणि तिच्यावरची कामे ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या एका गाठोड्यात बांधणारी) हा राजमार्ग आणि हॅस्केलची फंक्शनल पद्धत (किंमत न बदलता फंक्शनमधून नवी किंमत काढणारी) ही आडवाट, हा समज आपण मनातून काढावा. 2014 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून खुद्द जावातच लॅम्डा (नाव न देता लिहिलेली छोटी फंक्शने) आणि स्ट्रीम (यादीतल्या घटकांवर ओळीने क्रिया करण्याची सोय) आहेत, आणि ही सामग्री फंक्शनल परंपरेतूनच आलेली आहे. या पद्धतीचा आग्रह कशासाठी, ते आपल्या मार्केट यार्डातल्या हिशेबावरून पाहा. गोदामात हळदीची 40 पोती शिल्लक आहेत आणि दोन काउंटरवर एकाच क्षणी एकेक पोते विकले गेले. दोन्ही काउंटरच्या थ्रेडनी, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांनी, 40 हा आकडा वाचला, दोघांनीही एक वजा करून 39 लिहिला. प्रत्यक्षात पोती 38 राहिली. ऑब्जेक्टमधला एकच आकडा अनेकांना बदलता येत असला की असा घोळ होतो. त्यावर लॉक लावता येते, म्हणजे एकाचे काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवता येते, परंतु लॉक लावायचे राहून जाते आणि ती चूक चाचणीत न सापडता नेमकी गर्दीच्या दिवशी उघडी पडते. हॅस्केलमध्ये एकदा ठरलेली किंमत एरवी बदलत नाही आणि जिथे बदल हवाच असेल, तिथे तो उघडपणे नोंदवावा लागतो. ही सवय लागलेला मुलगा जावाही अधिक जपून लिहील.

चिरंजीवांनाही दोन शब्द. केवळ हॅस्केलच्या बळावर मिळणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे फार थोड्या आहेत, तेव्हा जावा अर्धवट टाकणे हा निव्वळ हट्ट आहे. पोत्यांचा हाच हिशेब त्याने दोन्ही भाषांत लिहावा आणि कुठे काय बिघडते ते कागदावर मांडावे. मुलाखतीत दाखवायला तो चांगला प्रकल्प होईल. कॅम्पससाठी डेटा स्ट्रक्चर्स आणि ॲप्टिट्यूडचा सराव लागेलच, आणि गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यायची असल्यास तिची तयारी वेगळी.

क्लास मी सुचवणार नाही. जावा शिकण्याचे उत्तम साहित्य इंटरनेटवर विनामूल्य आहे, परंतु ते वाचायला लॅपटॉप हातात असावा लागतो; तो आजच त्याच्या स्वाधीन करावा. पुण्याच्या एखाद्या क्लासची फी आगाऊ भरून झाली असेल, तर ती परत मागावी.