आजीचं आयुष्य लिहायला बसशील तेव्हा

आजीला जन्मतारीख विचारू नकोस, ती नुसती हसेल. पाटणकडच्या तिच्या वयाच्या बायका ‘कोयनेच्या भूकंपात थोरला पोटात होता’ असं सांगतात. म्हणजे डिसेंबर १९६७. तिथून मागंपुढं मोजत जा. १९७२ चा दुष्काळ मात्र खोदून विचार. मिलोच्या, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी कशा थापायची, सगळ्यांची पानं झाल्यावर तिच्या वाट्याला काय उरायचं? हे समोर वही धरून कळणार नाही. तिच्याबरोबर गहू निवडायला बस, तिला सांगून फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि मध्ये बोलू नकोस. काकामंडळी तेवढा वेळ बाहेर बरी. ती मंडळी समोर असली की आजी ‘मी कुठं काय केलंय?’ म्हणून उठतेच. जात्यावरच्या ओव्या आणि मसाल्याचं प्रमाण पहिल्याच दिवशी उतरवून घे.